लष्कराच्या भाकऱ्या, रायपूर शाखा

रिकाम्या माणसाला कुणी काम सांगत नाही. ज्याच्या घरी पाण्याचा पंप बिघडलाय, मुलीची परीक्षा तोंडावर आली आहे, आईचं पथ्य चालू आहे आणि ऑफिसात ऑडिट येऊन बसलंय, त्यालाच रविवारी चर्चच्या पायरीवर गाठून विचारलं जातं, ‘‘भैया, आप तो फ्री हैं ना?’’ ऐकायला हा प्रश्न वाटतो. ती नेमणूक असते. यामागं रायपूरच्या जाणत्या मंडळींचा हिशेब आहे. रिकामटेकड्याला काम दिलं तर तो चार दिवस विचार करतो, मग कामाचं स्वरूप लेखी मागतो, मग आपल्याला आधी का विचारलं नाही म्हणून रुसतो. घाईतल्या माणसाला रुसायला सवड नसते. तो सुटका व्हावी म्हणून ‘हो’ म्हणतो आणि कायमचा अडकतो.

आमचं सगळं घर असं अडकलेलं आहे. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. नोकरीनं रायपूरला आणलं, आणि या गावाचा स्वभाव असा की ‘बरंय, निघतो’ म्हटलं की ते पुन्हा चहा टाकतं. बायको महिला सभेत आहे. थोरला क्वायरमध्ये गिटार वाजवतो. धाकटी संडे स्कूलमध्ये शिकायला जाते आणि टीचर आल्या नाहीत तर शिकवूनही येते. आई कशातच नाही, म्हणजे सगळ्यात आहे. तिला पदच नसल्यामुळं तिला पदावरून काढता येत नाही, आणि कुठल्याही संस्थेत याहून मोठी सत्ता नसते. मी खुर्च्या उचलतो.

खुर्च्या उचलणं ही सेवेची पहिली पायरी म्हणतात. मी त्या पायरीवर घर बांधलं आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या की त्यांना एकमेकींचा लळा लागतो. वरची ओढली की खालच्या तिघी बरोबर निघतात. एकानं खालची पायानं दाबून धरायची, दुसऱ्यानं वरची जरा तिरकी करून झटका द्यायचा. सरळ ओढणारा तो नवशिका. आमच्या भागातल्या किराया भंडारात (मंडपवाल्याला इथं हेच नाव) एक लाल खुर्ची आहे. तिच्या उजव्या हातावर मच्छर-अगरबत्तीनं पडलेलं भोक आहे. ती मला बड्या दिनाला म्हणजे नाताळला भेटते, गणपतीच्या मांडवात भेटते, शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात ती वरपक्षाकडून होती आणि परवा एका मयताच्या बैठकीतही मागच्या रांगेत दिसली. सर्वधर्मसमभावाची इतकी नियमित कार्यकर्ती मला या शहरात दुसरी माहीत नाही.

पुण्याचा माझा मेहुणा मला फोनवर विचारतो, ‘‘भावोजी, या लष्कराच्या भाकऱ्या अजून किती दिवस भाजणार?’’ हे वाक्य नेहमी अशाच माणसाच्या तोंडी असतं ज्यानं स्वतःची भाकरीसुद्धा कधी उलटलेली नसते. शिवाय छत्तीसगडातल्या मराठी माणसाला हा टोमणा लागू पडत नाही. आम्ही इथं आलोच मुळी लष्कराबरोबर. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरलाच राहून कारभार पाहू लागले. फौजेबरोबर कारकून आले, भटजी आले, सावकार आले आणि भाकऱ्या भाजणारेही आलेच असतील. पुढं फौज गेली. भाजणारे राहिले. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे. तिथं कोण राहायला आलं असेल हे नाव ऐकल्यावर निराळं सांगावं लागत नाही.

राहिलेल्यांनी तवा काही खाली उतरवला नाही. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. संपादक सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघंही मराठी आणि मासिक हिंदी. आणि मासिक काढल्यावर जे होतं ते झालं: तीन वर्षं तोटा सोसून ते बंद पडलं. त्यावर सप्र्यांनी काय करावं? पुढं टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. मेहुण्याच्या हिशेबानं हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या भाकऱ्या भाजत होता. आज हिंदीवाले त्यांना आपल्या गद्याच्या आरंभीच्या घडवणाऱ्यांत मोजतात, आणि लाख्यांच्या नावाचं लाखेनगर रायपुरात आहे. मेहुण्याच्या नावाचा पुण्यात अजून एक फ्लॅट आहे.

दुसरे टिळकही आमच्याच रेल्वेमार्गावरचे. नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले असताना नागपूरच्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर. त्यामुळं आई या मार्गावरच्या कुठल्याही गाडीत शेजारच्या प्रवाशाकडं आशेनं पाहते. माझ्या शेजारच्यांनी मला आजवर फक्त ‘जरा सरको ना भाईसाब’ एवढंच दिलं आहे.

पण माझा ओढा टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडं. टिळकांनी दार उघडं ठेवायचं आणि लक्ष्मीबाईंनी आणखी एक ताट मांडायचं, असा तो संसार. दुष्काळात, प्लेगात उघडी पडलेली मुलं घरात, वर पाहुणे, त्यावर पैशाची ओढाताण, आणि हे सगळं बाई ‘स्मृतिचित्रे’मध्ये असं सांगतात की वाचणारा मधेच पुस्तक मिटून हसून घेतो. समाजसेवेवर मराठीत गंभीर पुस्तकं पुष्कळ आहेत. ती वाचून आदर वाटतो आणि झोप येते. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर घरात आणखी दोन खाटा टाकाव्याशा वाटतात. माझ्या बायकोनं ते लग्नाआधी वाचलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

आता बैठकीविषयी. सेवा हातानं होते, पण ठरते बैठकीत, आणि ठरायला वेळ लागतो. आमचं चर्च ज्या छत्राखाली येतं ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन तयार झालं. त्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. एकेचाळीस वर्षं! मधे महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, बाहेर तीन पिढ्यांची लग्नं लागली, आत बोलणी चालूच. या इतिहासाची जाणीव असल्यामुळं बड्या दिनाच्या प्रेमभोजात पुरी असावी की पुलाव, यावर आमची बैठक तीन रविवार चालली तेव्हा मी अजिबात अस्वस्थ झालो नाही.

चर्चच्या बैठकीत एक सोय असते जी सोसायटीच्या बैठकीत नसते. शेवटी प्रार्थना होते, आणि प्रार्थना करणाऱ्याला कुणी मधे तोडू शकत नाही. मुरलेले सभासद बैठकभर गप्प बसतात आणि प्रार्थनेची पाळी स्वतःकडं घेतात. मग डोळे मिटून, अत्यंत मृदू आवाजात, ‘‘हे प्रभू, ज्या बंधूंनी तेलाचा भाव न पाहता पुरीचा आग्रह धरला आहे, त्यांच्यावरही तू दया कर.’’ पुरीवाल्या बंधूंनाही ‘आमेन’ म्हणावं लागतं. न म्हणावं तर दया नको असल्यासारखं दिसतं. त्या साली पुलाव झाला.

या सगळ्यात माझा आवडता दिवस म्हणजे हार्वेस्ट. धान कापून झालं की एका रविवारी लोक शेतातलं, परसातलं, जमलं नाही तर शास्त्री बाजारातलं काहीतरी घेऊन येतात. वेदीपुढं धानाच्या लोंब्या, दुबराज तांदळाच्या पिशव्या, मखना म्हणजे आपला लाल भोपळा, केळीचे घड, जिमीकंद म्हणजे सुरण, आणि पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबडा उपदेशात आरवतो. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट निघाली नसली तरी पास्टर साहेब दर वेळी त्या दिशेनं दचकून पाहतात. उपासना संपली की मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात.

लिलाव पुकारणारे दादा इतर दिवशी शाळेत गणित शिकवतात. त्या दिवशी मात्र ते गणिताचा कुठलाही नियम पाळत नाहीत. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा मखना दोनशेवर सुरू करतात आणि घेणाऱ्यानं घेतला की त्याच्याकडं इतकं पाहत राहतात की तो ओशाळून तो परत दान करतो. मग तोच मखना पुन्हा विकायला. गेल्या खेपेस एक मखना इतक्यांदा विकला गेला की शेवटी ज्याच्या घरी तो गेला त्याला आपण एखादा फिरता चषक जिंकल्यासारखं वाटलं असावं. त्याच्या घरी तो बरेच दिवस कापलाच गेला नाही, टीव्हीशेजारी होता.

पण त्या दिवशीचा मान एका अंड्यानं घेतला. तिल्द्याकडच्या एका आजींनी रुमालात गुंडाळून एकच अंडं आणलं होतं. दादांनी ते दोन बोटांत धरून उंच केलं. ‘‘एक अंडा! देसी! बिलकुल ताजा!’’ दहा रुपयांवर सुरुवात झाली. मांडवात नेमके दोन व्याही बसले होते, ज्यांच्यात लग्नातल्या बँडच्या खर्चावरून अजून सरळ बोलणं नव्हतं. एकानं पन्नास म्हटलं. दुसऱ्यानं त्याच्याकडं न बघता शंभर म्हटलं. दोनशेला बायका कुजबुजायच्या थांबल्या. तीनशेला एकाच्या बायकोनं त्याचा शर्ट मागून ओढला, तो त्यानं सोडवून घेतला. पाचशेला अंडं मुलीकडच्या व्याह्यांना पडलं. त्यांनी उठून पैसे मोजले, अंडं घेतलं आणि सरळ जाऊन दुसऱ्या व्याह्यांच्या हातात ठेवलं. ‘‘समधीजी, आपके लिए.’’ टाळ्या झाल्या. दोघांचा समेट झाला की अपमान, यावर आमच्याकडं अजून दोन मतं आहेत. आजींनी मात्र हे सगळं शांतपणे पाहिलं, रुमालाची घडी घातली आणि माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘‘घर मा अउ हे.’’ घरी आणखी आहेत.

त्याच लिलावात आईनं शेवग्याच्या शेंगांची जुडी बाजारभावाच्या दुपटीनं घेतली. शेंगा आमच्याच अंगणातल्या. सकाळी तिनंच दान केल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘देवाला देऊन झाल्या. आता त्या कुणाच्या तरी मोहरीच्या वाटणात जाणार होत्या, ते मला बघवलं नसतं.’’

आई आणि छत्तीसगड यांच्यात असे काही प्रश्न अजून सुटायचे आहेत. सगळ्यांत मोठा अनारशाचा. नाताळाला आमच्याकडं करंज्या, शंकरपाळी, चकल्या होतात आणि अनारसे होतात. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून कुटायचे, गूळ मळून पीठ मुरत ठेवायचं, खसखशीवर थापायचं आणि तुपात एकाच बाजूनं तळायचं. इतकं करूनही तो कढईत विरघळायचा असेल तर विरघळतोच. छत्तीसगडात याचा एक धट्टाकट्टा भाऊ आहे, अइरसा. गुळाचा पाक करायचा, त्यात तांदळाचं पीठ घालून घाटायचं, गोळे थापून तळून काढायचे. तो विरघळत नाही, रुसत नाही, आठवडाभर डब्यात टिकतो आणि खाली पडला तर फरशीला जपावं लागतं. महिला सभेतल्या बड्या दीदी दरवर्षी आईला परातभर अइरसे पाठवतात. आई दरवर्षी म्हणते, ‘‘चांगले आहेत, पण हे अनारसे नव्हेत.’’ दीदी दरवर्षी आमचे अनारसे खाऊन म्हणतात, ‘‘अच्छा है माताजी, बस थोड़ा कच्चा रह गया.’’ गेल्या डिसेंबरात दोघी एका कढईपाशी बसल्या, एकमेकींना दाखवायला. एक मराठीत शिकवत होती, दुसरी हिंदीत, ऐकत कुणीच नव्हतं. तीन तासांनी जो पदार्थ बाहेर आला त्याला दोघींपैकी एकीनंही आपलं नाव दिलं नाही. मुलांनी तो उभ्याउभ्या संपवला.

उपासनेतही आईचं निराळं चालतं. सगळी मंडळी हिंदी गीत गातात, आई त्याच वेळी ‘उपासना संगीत’मधलं टिळकांचं मराठी पद गाते, चाल जुळली तर उघड, नाही जुळली तर मनात. सुरुवातीला आजूबाजूचे बघायचे. हल्ली तिच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघी थोडं थोडं मराठी गुणगुणतात. अर्थ त्यांना विचारू नये.

डिसेंबरच्या रात्री कॅरलच्या. वीसेक माणसं, एक ढोलक, एक गिटार, उशिरा येणारा एक सांताक्लॉज. बैरन बाजार, सिव्हिल लाइन्स, शंकरनगर असं फिरायचं. गाणं दोन कडव्यांचं आणि खाणं चार बशांचं. प्रत्येक घरी चहा, केक, ठेठरी, अइरसा. ‘एक तो लेना पड़ेगा’ म्हणणाऱ्या घरांची संख्या आणि माणसाच्या पोटाची मर्यादा यांचा मेळ कुणीच घालत नाही. रात्री बारानंतर क्वायरचा सूर खाली येतो तो थंडीनं नव्हे. आमचा थोरला एरवी आठ वाजता हाक मारली तर साडेआठला ओ देतो. कॅरलला साडेसातलाच जर्किन घालून दारात उभा असतो. भक्ती आहेच. शिवाय आल्टो विभागातली एक मुलगी शंकरनगरला राहते आणि तिचं घर यादीत शेवटचं आहे. यादी कुणी केली ते मी पाहून ठेवलं आहे.

आणि खरं सांगायचं तर माझी त्यावर काहीच हरकत नाही. निःस्वार्थ सेवा हा प्रकार मी जवळून पाहिलेला नाही आणि पाहायची घाईही नाही. आमच्याकडं एकदा एक पूर्ण निःस्वार्थ गृहस्थ आले होते. त्यांना चहा नको, मान नको, फोटो नको. त्यामुळं ते आले नाहीत तरी त्यांचं काही अडत नसे, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते येईनासे झाले. टिकतात ती स्वार्थी माणसं. कुणा सासूला घरी सूनबाई स्वयंपाकघरात शिरू देत नाही, ती सासू इथं शंभर माणसांच्या डाळीला फोडणी देते आणि तृप्त होऊन घरी जाते. कुणाला ऑफिसात कुणी विचारत नाही, त्याच्या हातात इथं माइक असतो. कुणाला नुसत्या बातम्या हव्या असतात, आणि लसूण सोलताना मिळतात तितक्या ताज्या बातम्या कुठं मिळत नाहीत. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ तर स्वातंत्र्याच्याही आधीपासून आहे; शाळा चालवतं, दिव्यांग मुलींसाठी गृह चालवतं. इतकी वर्षं ते नुसत्या उदात्त विचारांवर चाललं असेल असं मला वाटत नाही. गणपतीत तिथं मोदकाच्या कळ्या कुणाच्या सुबक यावरून जी चुरस चालते, ती पाहिली की संस्था टिकतात कशा याची शंका उरत नाही. माझी बायको तिथंही असते. मीही असतो. तिथंही खुर्च्या आहेतच.

घरी याचा त्रास होतो, नाही असं नाही. आमच्या फ्रिजवर चार याद्यांचे कागद आहेत आणि त्यांत घरचं सामान कुठलं आणि महिला सभेचं कुठलं हे बायकोलाच कळतं. मी एकदा पाच किलो साबुदाणा पाहून घाबरलो होतो. आमच्या सगळ्यांचं एकत्र जेवण बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी पंगतीत, तेही वाढून झाल्यावर, होतं. तेव्हा धाकटी पातेल्यातला तळाचा भात खरवडत असते, थोरला कुणाच्या तरी स्कूटरवरून आलेला असतो, बायकोच्या पदराला हळद लागलेली असते आणि ती मला सांगत असते की माझ्या भाजीत मीठ कमी पडलं असं कुणी म्हणालं तर मी त्याचं नाव लक्षात ठेवावं. आठवड्यात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला पाहण्याची ही एवढीच वेळ.

आता फेब्रुवारीत मडकूघाटचा मेळा आहे. बिलासपूर रस्त्यानं जायचं, शिवनाथ नदीच्या काठी तंबू ठोकायचे आणि चार-पाच दिवस तिथंच राहायचं. हा मेळा शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्याच पट्ट्यात १८६८ साली ऑस्कर लोर यांनी मिशन सुरू केलं, त्या गावाचं नाव बिश्रामपूर. तेव्हापासून तिथल्या मंडळ्यांत कुणी विश्राम घेतल्याची नोंद मला सापडलेली नाही. काल रात्री सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. मेळ्याला भांडी आणि तंबूचं सामान ट्रकनं पुढं पाठवायचंय, बरोबर एक जबाबदार माणूस हवा. मी त्यांना सांगितलं की मार्च जवळ आलाय, ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही, घरचा पंप पुन्हा बिघडलाय आणि ट्रकचा प्रवास माझ्या कमरेला झेपत नाही. सगळं त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘हाँ भैया, भाभीजी ने परसों ही आपका नाम लिखवा दिया था. हम तो बस टाइम बताने के लिए फोन किए हैं.’’

फोन ठेवला तेव्हा बायको यादी लिहीत होती. आई आतून म्हणाली, ‘‘अरे, ड्रायव्हरशेजारी दोघं बसतात का, तेवढं विचारून घे. मला मागं भांड्यांत नाही बसायचं.’’